पोपटातला जीव आणि चालतं प्रेत

१८६८ साली लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचं लोककथांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने दख्खनच्या दौऱ्यात सोबत असलेल्या आयेकडून, अ‍ॅना लिबराटा डी सूझा हिच्याकडून, या कथा ऐकून लिहून घेतल्या होत्या, आणि अ‍ॅनाने त्या आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्या होत्या. पुस्तकातली पहिलीच कथा पंचकिन नावाच्या मांत्रिकाची आहे. त्याने एका राजकन्येला पळवून आणून कोंडून ठेवलंय आणि तिच्या नवऱ्याचा दगड केलाय. त्याला मारता येत नाही, कारण त्याचा जीव त्याच्या अंगात नाहीच. दूरच्या अरण्यात ताडांच्या वर्तुळाच्या मधोमध पाण्याने भरलेल्या सहा घागरींची उतरंड आहे. सगळ्यांत खालच्या घागरीखाली एक पिंजरा आहे, पिंजऱ्यात हिरवा पोपट आहे, आणि मांत्रिकाचा जीव त्या पोपटात आहे. राजकन्येचा मुलगा मोठा होऊन तो पोपट आणतो. आधी दगड झालेल्या सगळ्यांना पंचकिनकडून माणसात आणवतो आणि मग पोपटाचा एक पंख उपटतो. त्याबरोबर मांत्रिकाचा एक हात गळून पडतो. दुसऱ्या पंखाबरोबर दुसरा हात जातो, पोपटाच्या पायांबरोबर पाय जातात, आणि शेवटी पोपटाची मान मुरगळली की मांत्रिकाचीही मुरगळते. मराठी घरांत राक्षसाची गोष्ट सांगताना ‘त्याचा जीव पोपटात होता’ हे वाक्य इतक्या सहजतेने येतं की त्यातला विचार किती विलक्षण आहे याकडे आपलं लक्षच जात नाही.

हा विचार फक्त दख्खनचा नाही. अफनास्येव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला छापलेल्या रशियन कथांत कश्चेय नावाचा अमर जादूगार आहे. त्याचं मरण सुईच्या टोकावर आहे. ती सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी एका ओकच्या झाडाशी. नॉर्वेतल्या एका कथेतला राक्षस आपलं हृदय बेटावरच्या देवळातल्या विहिरीत पोहणाऱ्या बदकाच्या अंड्यात ठेवतो. इजिप्तमधली दोन भावांची कथा तर तीन हजार वर्षांहून जुन्या पपायरसवर लिहिलेली सापडली. त्यातला बाटा आपलं हृदय झाडाच्या फुलावर ठेवतो, झाड तोडलं की मरतो, आणि भावाने ते हृदय शोधून गार पाण्यात ठेवलं की पुन्हा जिवंत होतो. जेम्स फ्रेझर यांनी १८९० साली ‘द गोल्डन बाऊ’मध्ये अशा कथांसाठी वेगळा भाग लिहिला, आणि त्यांच्या पहिल्या उदाहरणांत आपला पंचकिन आहे. मात्र या सगळ्या कथा एकापुढे एक ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते, आणि माझ्या मते ती पुरेशी कुणी लक्षात घेतलेली नाही. जीव बाहेर ठेवलेला यातला एकही जण प्रेत नाही. पंचकिन लग्नाची मागणी घालतो, नॉर्वेचा राक्षस घरी येऊन जेवतो आणि झोपतो, कश्चेय बायका पळवतो. भूक, वासना, राग, झोप यांतलं त्यांना काहीही कमी पडलेलं नाही. जीव शेकडो कोसांवर आहे आणि देह मात्र ठणठणीत आहे.

आता आजच्या अद्‌भुत साहित्यातला मांत्रिक पाहा. मृत्यूला चकवण्यासाठी तोही जीव बाहेर ठेवतो, पण तसं करताच तो सांगाडा होतो. इंग्रजीत त्याचं नाव ‘लिच’. हा प्रेतासाठीचा जुना शब्द आहे, जर्मनमधल्या ‘लायशे’चा भाऊ. इंग्लंडमधल्या चर्चच्या आवाराच्या ज्या छपराच्या दारात प्रेतयात्रा थांबायची त्याला अजून ‘लिचगेट’ म्हणतात. १९३० च्या दशकात क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ यांनी आपल्या भयकथांत हा शब्द नुसता प्रेत या अर्थाने वापरला. १९६९ साली गार्डनर फॉक्स यांच्या कोथार नावाच्या योद्ध्याच्या कथेत थडग्यातून बोलणारा एक मेलेला जादूगार आला, आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी आपला लिच त्याच्यावरून घेतल्याचं सांगितलं आहे. खेळ १९७४ चा. लिच त्यात १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत आला. तिथे तो एकेकाळचा बलाढ्य जादूगार आहे, मंत्र आणि इच्छाशक्तीच्या बळावर टिकून राहिलेला सांगाडा आहे, पण त्याच्या जिवाच्या डबीचा उल्लेखही नाही. डबी आली १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये, तीही ‘फिलॅक्टरी’ या एका शब्दापुरती. १९७९ साली ‘ड्रॅगन’ मासिकात लेन लाकोफ्का यांनी लिच बनण्याची सविस्तर कृती दिली, तेव्हा कुठे मांत्रिकाने स्वतःच बनवलेल्या पात्रात आत्मा ठेवायचा हा भाग पक्का झाला. याचा अर्थ असा की लिच हे दोन वेगळ्या ओढ्यांचं पाणी आहे. थडग्यातला जादूगार भयकथांतून आला आणि बाहेर ठेवलेला जीव लोककथेतून. दोघे एकत्र आले ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लिच ही खेळाची गरज होती, त्यात कसला विचार शोधता? खेळ चालवणाऱ्याला असा शत्रू हवा असतो जो एका झुंजीत संपणार नाही. देह पाडला तरी डबी शाबूत असेल तोवर तो परत उभा राहणार, म्हणजे खेळाडूंना आणखी एक शोधमोहीम मिळणार. खेळाला ही सोय किती उपयोगी पडली असेल ते उघड आहे. पण आक्षेपाने एवढंच कळतं की डबी का टिकली. ती कुठून आली, आणि तिच्यासोबत देह का सडला, हे कळत नाही. शत्रूला परत आणायचं एवढाच हेतू असता तर पंचकिनसारखा धडधाकट मांत्रिकही चालला असता, उलट दरबारात मिसळणारा, जेवणारा, फसवणारा शत्रू खेळाला जास्त उपयोगी. शिवाय खेळाच्या आधीही हा बदल दिसतो. लॉइड अलेक्झांडर यांच्या १९६७ च्या ‘तारान वाँडरर’ या कादंबरीत मोर्दा नावाचा जादूगार आपली करंगळी तोडतो, तिच्या हाडात जीव घालतो आणि ते हाड लपवून ठेवतो. अलेक्झांडर यांनी वेल्सच्या पुराणकथा मुरवून लिहिल्या होत्या, खेळाचा त्यांच्याशी संबंध नाही. मोर्दा जिवंत आहे, पण कसा? वाळलेला, पापणी न लवणारा, माणसांबद्दल तिरस्कार सोडून काही न उरलेला. प्रेत होण्याच्या अर्ध्या वाटेवर आहे.

त्याच्याही सत्तर वर्षं आधी, १८९७ साली, ब्रॅम स्टोकर यांचा ड्रॅक्युला याच वाटेवर उभा होता. आपण त्याला फक्त रक्त पिणारा म्हणून ओळखतो. कादंबरी मात्र सांगते की जिवंतपणी तो विद्वान किमयागार होता आणि सैतानाच्या शाळेत गूढविद्या शिकला होता. म्हणजे तोही मृत्यूला चकवणारा मांत्रिकच. त्याचं अस्तित्व कशाला बांधलेलं आहे, तर मायदेशाच्या मातीला. ती माती भरलेल्या ५० पेट्या घेऊन तो इंग्लंडला येतो, आणि त्याचे शत्रू घराघरांतून त्या शोधून एकेक पेटी निकामी करत जातात. ४९ होतात, एक निसटते, आणि तिच्यामागे सगळा युरोप ओलांडावा लागतो. सहा घागरी उतरवून पोपटापर्यंत पोचण्याचीच ही रीत आहे, फक्त जहाजांच्या आणि आगगाड्यांच्या काळातली. आणि इथे देह मेलेला आहे. एकोणिसावं शतक संपेपर्यंत युरोपच्या कल्पनेत जीव बाहेर बांधणं आणि देह मरणं ही जोडी जमायला लागली होती.

असं का झालं असावं? माझ्या मते उत्तर जीव आणि आत्मा या दोन शब्दांच्या फरकात आहे, आणि तो फरक मराठीत बोट ठेवून दाखवता येतो. पोपटात असतो तो जीव किंवा प्राण. आत्मा पोपटात आहे असं आजीच्या गोष्टीत कुणी म्हणत नाही. जीव ही मराठीत फिरती वस्तू आहे. तो कुणावर जडतो, कशात गुंततो, टांगणीला लागतो, मुठीत धरून पळता येतो. म्हाताऱ्याचा प्राण जात नसला की ‘धाकट्यात जीव अडकलाय’ असं म्हणून त्या मुलाला तातडीने बोलावून घेतात. बोलणाऱ्याला यात अचंबा वाटत नाही, कारण जीव हे एक बळ आहे आणि बळ थोडं बाहेर असलं तरी माणूस माणूसच राहतो. फ्रेझर यांनीही हेच ताडलं होतं: या कथा रचणाऱ्यांना जीव हाताळता येणारा, डबीत ठेवता येणारा पदार्थ वाटत होता. आत्म्याचं तसं नाही. ख्रिस्ती युरोपात आत्मा म्हणजे माणसाचा पापपुण्याचा धनी, ज्याचा शेवटी न्याय व्हायचा तो. तो देहातून काढून कपाटात ठेवला तर मागे उरतं ते काय? बळ गेलेला माणूस नव्हे, धनी गेलेलं घर. कथा तीच राहिली, पण जिवाच्या जागी आत्मा आला, आणि देहाचं प्रेत होणं अटळ झालं. आपल्याकडे आत्मा अविभाज्य आणि अलिप्त मानलेला असल्यामुळे ही अडचण कधी उद्भवलीच नाही. म्हणूनच ‘हॅरी पॉटर’मध्ये आत्म्याचे तुकडे होतात हे वाचताना मराठी वाचक थोडा अडखळतो. आत्म्याचा तुकडा कसा होईल, हा प्रश्न त्याच्या भाषेतूनच उठतो.

टोल्कीन यांच्याकडे हा बदल घडताना दिसतो. १९३९ साली सेंट अँड्रूजला त्यांनी परीकथांवर व्याख्यान दिलं, आणि १९४७ साली छापलेल्या त्याच्या निबंधरूपात बाहेर ठेवलेल्या हृदयाचा उल्लेख आहे. तिथे आपलं हृदय झाडावर राहिलं असं शार्क माशाला सांगणारं माकड आहे, म्हणजे मुळात आपलं पंचतंत्र-जातकातलं, आणि इजिप्तचा पपायरसही आहे. अर्थात आपल्या कादंबरीत सॉरॉन या दुष्ट सत्ताधीशाची अंगठी लिहिणाऱ्याला पंचकिनचं कुळ चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. सॉरॉन जीव लपवत नाही, आपली बरीचशी शक्ती अंगठीत ओतून ती बोटात घालतो, कारण त्याला टिकण्याबरोबर दुसऱ्यांवर सत्ताही हवी आहे. दुसरा बदल माझ्या दृष्टीने मोठा आहे. त्याने दिलेल्या नऊ अंगठ्या घालणारे राजे मरत नाहीत, पण जगतही नाहीत. त्यांचं आयुष्य वाढत नाही, नुसतं ताणलं जातं, आणि ताणता ताणता ते विरत जाऊन शेवटी वस्त्राच्या आत फक्त पोकळी उरते. लोककथेत बाहेर ठेवलेला जीव पूर्ण भरलेला असतो, इथे बाहेर जे जातं तेवढं आतून कमी होतं. टोल्कीन श्रद्धावान कॅथलिक होते, आणि मृत्यू ही माणसाला मिळालेली देणगी आहे हे त्यांच्या कल्पित इतिहासात पुन्हा पुन्हा येतं. जी देणगी नाकारली तिच्याबरोबर देहही गेला, असा त्यांचा हिशेब आहे.

यावर कुणी म्हणेल की वस्तूचा एवढा आग्रह कशाला, वस्तू नसतानाही मांत्रिक अ-मृत होतात. उर्सुला ले ग्विन यांच्या १९७२ च्या ‘द फार्देस्ट शोअर’मधला कॉब हे याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. त्याच्याकडे डबी नाही, अंगठी नाही. जिवंतांच्या आणि मृतांच्या जगातल्या सीमेला त्याने भोक पाडलंय, त्यातून तो मागे येतो, आणि त्याच भोकातून जगातली सगळी जादू, सगळी गाणी, कारागिरांच्या हातांतलं कसब गळून जातंय. पण अर्थसीत, म्हणजे ले ग्विन यांच्या जगात, माणसाचं खरं नाव हेच त्याचं सर्वस्व असतं, आणि कॉबने नेमकं तेच गमावलंय. त्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही. म्हणजे बाहेर काढून ठेवणं इथेही आहे, फक्त ठेवलेली गोष्ट कुठेही उरलेली नाही. ले ग्विन यांनी आणखी एक पाऊल टाकलं, आणि या सगळ्या साहित्यात मला ते सर्वांत मोलाचं वाटतं: मांत्रिकाच्या अमरत्वाची किंमत तो एकटा भरत नाही, विणकर आणि रंगारीही भरतात. ते भोक बुजवताना कथेचा नायक गेड याला आपली सगळी जादू खर्चावी लागते.

आपल्या पुराणांतही मृत्यूला चकवणारे कमी नाहीत, मग ते या रांगेत का नाहीत? कारण ते मागतात. हिरण्यकशिपू वर मागतो आणि शब्दांत पळवाटा ठेवतो. नरसिंह त्याच शब्दांच्या फटीतून येतो. अश्वत्थाम्याचं भटकणं तर शाप आहे, त्याने ते मागितलंही नव्हतं. वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. यांत मृत्यूचा प्रश्न देणारा आणि घेणारा यांच्यामधला आहे. पंचकिन, कश्चेय आणि लिच कुणाकडेच काही मागत नाहीत. त्यांच्यावर कुणाचा उपकार नाही, म्हणून जीव सांभाळायचा तर स्वतःच्या हाताने बनवलेल्या जागीच सांभाळावा लागतो. नाभीत अमृत बाळगणारा रावण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो, आणि त्याचं गुपित फोडतो तो सख्खा भाऊ.

गुपित फुटणं या कथांत अपघात नसतो. पंचकिन राजकन्येला पोपटाबद्दल सांगतो, कश्चेय पळवून आणलेल्या बाईला सुईबद्दल सांगतो, नॉर्वेचा राक्षस दोनदा खोटं सांगून तिसऱ्यांदा खरं बोलतो. त्याच्याकडच्या राजकन्येने त्या खोट्या जागेला फुलांनी सजवलेलं पाहून तो विरघळतो. या तिघांनाही कुणीतरी आपलं म्हणावं असं वाटत असतं. जीव दूर ठेवूनही तो त्या बाईवर जडतोच, आणि त्या जडण्यातून मरण आत येतं. लिचकडे सांगण्यासारखं कुणी नाही. त्याची डबी शोधायला जुन्या पोथ्या धुंडाळाव्या लागतात, थडग्यांचे सापळे चुकवावे लागतात. ती बोलण्यातून कधीच बाहेर येत नाही. ‘फिलॅक्टरी’ हा ग्रीक शब्द राखण या अर्थाचा. ज्यू लोक प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधतात त्या धर्मग्रंथातली वचनं ठेवलेल्या चामडी डब्यांनाही इंग्रजीत तोच शब्द आहे. राक्षसाच्या डबीला पवित्र वस्तूचं नाव देणं अनेकांना खटकलं आणि ते खटकणं रास्त होतं. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाने अलीकडे तो शब्द टाकून ‘आत्म्याचा पिंजरा’ या अर्थाचा शब्द घेतला. पंचकिनच्या पोपटाचा पिंजरा असा दीडशे वर्षांनी परत आला, पण त्यात आता पोपट नाही.

हा फरक सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो ‘हॅरी पॉटर’मधल्या व्होल्डेमॉर्टमध्ये. २००५ च्या सहाव्या भागात कळतं की त्याने खून करून आत्मा फाडला. तुकडे त्याने डायरीत, अंगठीत, लॉकेटात, पेल्यात, मुकुटात आणि नागिणीत ठेवले. प्रत्येक तुकड्यागणिक त्याचा चेहरा मेणासारखा, माणसापासून दूर जात राहिला. पंचकिनच्या पोपटाचा पंख उपटला की त्याच क्षणी मांत्रिकाचा हात गळतो, इतका तो पोपट त्याच्या अंगाचा होता. व्होल्डेमॉर्टच्या डायरीचा नाश झाला, अंगठीचा झाला, लॉकेटाचा झाला, आणि त्याला काही जाणवलं नाही. ग्रिंगॉट्स या जादूगारांच्या बँकेतल्या चोरीची बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो घाबरतो. मग तो मोडक्या घरात जाऊन अंगठी जागेवर आहे का ते बघतो, समुद्राकाठच्या गुहेत जाऊन लॉकेट आहे का ते बघतो. आपण अजून किती उरलो आहोत हे त्याला तिथे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.